चिंचेपाशी वळा

आमच्या घरी यायचं असेल तर शहाद्याच्या बसस्टँडवरून रिक्षा करायची आणि रिक्षावाल्याला सांगायचं, चिंचेपाशी वळा. तो बरोबर वळेल. तुम्ही मात्र चिंच शोधत बसू नका, कारण चिंच नाही. रस्ता रुंद झाला तेव्हाच ती तोडली. तिच्या जागी आता डांबर आहे आणि डांबरात एक कायमचा खड्डा आहे. तो खड्डा आंधळ्यालाही कळेल इतका मोठा आहे, तरी आजवर एकाही माणसाने पत्ता सांगताना 'खड्ड्यापाशी वळा' म्हटलेलं नाही. आमच्या कॉलनीत जे दिसतं त्याला पत्त्यात मान नाही.

चिंचेपासून पुढे गेलं की गिरणी लागते. म्हणजे ब्युटी पार्लर लागतं. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण बायका अजून 'गिरणीत जाऊन भुवया करून येते' असं सांगून घराबाहेर पडतात आणि घरातल्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. गिरणीच्या मागे थेटर. हे थेटर तर कधी नव्हतंच. कुणा हौशी माणसाने ते बांधायचं ठरवून मोकळ्या शेतात बोर्ड लावला होता. बोर्ड गंजून पडला, त्या जागेवर बंगले झाले, आणि बंगल्यांतली माणसं 'आम्ही थेटरात राहतो' असं बिनदिक्कत सांगतात. पाण्याची टाकी तेवढी खरोखर उभी आहे, पण ती कॉलनीच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसते. त्यामुळे फोनवर 'टाकीपाशी उभा आहे' म्हणणारा पाहुणा नेमका कुठे आहे हे देवालाच ठाऊक. राहता राहिली ओपन स्पेस. तिथे मंदिर आहे, व्यायामाची यंत्रं आहेत, मंडपवाल्याच्या पाइपांचा ढीग आहे आणि एका गुजर पाटलाची उसाची ट्रॉली आहे. मोकळं तिथे काहीच नाही.

मला हे सगळं फार आवडतं. मी रोज सकाळी म्हसावदच्या शाळेत शिकवायला जाते, मुलांना नकाशा शिकवते, उत्तर दिशा वर, सूचीत चिन्हं, आणि संध्याकाळी बसमधून उतरून अशा कॉलनीत परत येते जिचा नकाशा काढायचा झाला तर अर्धी चिन्हं आठवणीतून काढावी लागतील. मला हसू येतं. आप्पांना मात्र पहिल्या दिवसापासून या प्रकाराचा संताप होता, आणि त्याला कारणही तसंच झालं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी साखर कारखान्यात केली आणि सगळा संसार पुरुषोत्तमनगरच्या क्वार्टरमध्ये. क्वार्टर चांगलं होतं, पण शेजारचंही तसंच होतं आणि त्याच्या शेजारचंही. दारावर नंबर, नंबरही दुसऱ्याने रंगवलेला. आप्पा निवृत्त झाले आणि आम्ही सामान ट्रकमध्ये चढवत होतो, तेवढ्यात नवा माणूस बायकोला घेऊन खोल्या बघायला आला. आप्पांनी त्याला सगळं दाखवलं, कुठला नळ गळतो, कुठल्या खिडकीची कडी लागत नाही, अगदी प्रेमाने दाखवलं. ट्रकमध्ये बसल्यावर ते मला म्हणाले, "उभा जनम आठे काढा. पन कोनी म्हनना नही, त्या घरपाईन वळा." एवढी एकच हौस त्या माणसाला होती. आपलं घर असं असावं की लोकांनी त्याच्यावरून वाट सांगावी. सोन्याची साखळी मागितली असती तर माझ्या आईने हिशेब घातला असता. ही असली हौस ऐकून ती नुसती कपाळाला हात लावून बसली.

तर आप्पांनी या कॉलनीत घर बांधलं आणि वास्तुशांती काढली. आईच्या माहेरची माणसं तापीकाठाहून पिकअप भरून निघाली. मामांना आप्पांनी फोनवर सांगितलं, चिंचेपाशी वळा. कारण आम्हाला प्लॉट विकणाऱ्याने हेच सांगितलं होतं आणि आप्पांनी ते विश्वासाने पुढे दिलं. मामांची पिकअप चिंच शोधत थेटरापर्यंत गेली, थेटर शोधत टाकीपर्यंत गेली, आणि टाकीपाशी एका घरासमोर मंडप दिसला तेव्हा सगळे धन्य होऊन खाली उतरले. मंडपात वरण-बट्टीचा वास सुटला होता. यजमान हात जोडून सामोरे आले. आमच्याकडे मंडपात आलेल्या माणसाला 'तुम्ही कोण' असं विचारायची पद्धत नाही. मामांनी विचारलं, "मन्ही बहीण कोठे शे?" यजमान म्हणाले, "व्हई कोठे तरी घरमा मझार. पहिले जेवी ल्या."

आणि ते जेवले. पोटभर, आग्रहाने, तूप वाढून घेत जेवले. मग मामींनी यजमानाला टॉवेल-टोपी चढवली, त्यांच्या बायकोला कुंकू लावलं, मुलाला कडेवर घेतलं. मुलाचं जावळ होतं. पंगत उठल्यावर मामांना शंका आली, कारण बहीण अजून दिसेना आणि भिंतीवरच्या फोटोतला एकही म्हातारा ओळखीचा वाटेना. यजमान भला माणूस. तो डोक्यावरची टोपी न काढता स्वतःच पिकअपच्या पुढे मोटरसायकल घेऊन निघाला आणि त्याने सगळ्यांना आमच्या दारात आणून सोडलं. आमच्याकडे तोवर बट्ट्यांची परात गार झाली होती आणि आई दारात उभी होती. टॉवेल-टोपी घातलेल्या परक्या माणसाच्या मागून आपला सख्खा भाऊ ढेकर देत येताना बघून ती जे हसायला लागली ते तिला आवरेना. सगळेच हसत होते. आप्पा हसले नाहीत. ते पाहुण्याला बसायला खुर्ची देऊन एवढंच म्हणाले, "जे नही शे, ते कसं दखाडतस तुम्ही लोके?"

पाहुणा खुर्चीत टेकला. "तुम्ही नवा शेतस, आप्पा," तो म्हणाला. "सवय व्हई जाई."

आप्पांना सवय करून घ्यायची नव्हती. त्यांना चिंच हटवायची होती, आणि नसलेलं झाड हटवणं हे असलेलं हटवण्यापेक्षा अवघड काम आहे. त्यांनी आधी रंग काढला. जुन्या गावातल्या पेंटरचाचांना बोलावलं आणि सांगितलं, असा रंग द्या की दुसऱ्या कुणाच्या घराला नसेल. चाचांनी डबे मांडले, यात ते ओत, त्यात हे ओत, आणि झेंडू आणि गुलाबाचं लग्न लावावं तसा एक रंग घोटला. त्याला नाव नव्हतं. घर रंगून झालं तेव्हा मी बसमधून उतरून चिंचेपाशी वळले आणि खरोखर दोन क्षण थबकले, इतकं ते पेटलं होतं. आप्पा रस्त्याच्या पलीकडे कमरेवर हात ठेवून उभे होते. येणारे-जाणारे थांबत होते, मान हलवत होते, मस्त शे, भारी शे. आप्पा त्या दिवशी जेवताना गुणगुणत होते.

मस्त शे म्हणणारी माणसं पुढे काय करतात याचा विचार आम्ही कुणी केला नव्हता. दिवाळीच्या आधी समोरच्यांनी घर रंगवायला काढलं. चाचाच आले. मग बाजूच्यांनी. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी. दिवाळीच्या पहाटे मी रांगोळी काढायला दार उघडलं, तर सबंध गल्ली झेंडू-गुलाबी होऊन उजळलेली. आप्पांनी चाचांना रस्त्यातच गाठलं. चाचा सायकलवरून उतरले, ब्रश मागच्या कॅरिअरला नीट खोवला आणि म्हणाले, "आप्पा, कलर तुमना शे. पन हात ते मन्हा शे ना." आई ओट्यावरून म्हणाली, "खूश व्हा ना. आते सारी गल्लीच तुमनी व्हई गई."

त्या दिवाळीत दोन पाहुणे चुकून आमच्याकडे फराळ करून गेले आणि आमचे एक काका समोरच्यांकडे. रंगाचा एवढाच उपयोग झाला.

मग आले ऊस. ही कल्पना आप्पांना कारखान्याच्या आठवणीतून सुचली आणि तिच्या नादात ते असे काही रमले की आई म्हणाली, "तुमले घर बांधनं व्हतं का थेटर?" फाटकाच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे दोन ऊस. गवंड्याने पेरं काढली, पेरांवर डोळे काढले, वर पाचटाचा तुरा काढला, चाचांनी हिरवा-जांभळा रंग दिला. आप्पा रोज गवंड्याशेजारी बसून सूचना द्यायचे, पेर इतकं लांब नको, हा जातीचा ऊस नाही, असा ऊस कारखान्यात घेतला नसता. ऊस झाले. सुंदर झाले. आणि पहिल्याच आठवड्यात एक माणूस फाटकात येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, "बांबू शेतस का?"

लोकांना ते बांबू वाटले. काय करणार? सिमेंटचा ऊस कुणी कधी पाहिला होता? बघता बघता आमचं घर बांबूवाल्याचं घर झालं आणि मांडवाला, शिडीला, टमाट्यांच्या आधाराला बांबू हवे असलेली माणसं आमच्याकडे यायला लागली. आप्पा प्रत्येकाला पेरं दाखवायचे, डोळे दाखवायचे, तुऱ्याकडे बोट करायचे. माणसं सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, मग बांबू कधी येतील? मी आणि आई आत उशीत तोंड खुपसून हसायचो. एका सकाळी मात्र दोन गंभीर माणसं आली. त्यांच्या घरी म्हातारी गेली होती, तिरडीला बांबू हवे होते. आप्पांनी हात जोडले. "हाऊ ऊस शे, भाऊ," ते हळू आवाजात म्हणाले. त्यातला मोठा म्हणाला, "ऊस ते ऊस. पन बांबू कोठे भेटतीन?"

आप्पांनी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले. बुरुडांच्या गल्लीपर्यंत गेले, बांबू निवडून दिले, मग त्यांच्या घरापर्यंत, मग गोमाई नदीकाठच्या स्मशानापर्यंत. म्हातारी कोण, कुठली, काही ठाऊक नसताना तिला पोचवूनच घरी आले. आंघोळ करून ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, चिंचेपाशी ते दोघं किती वेळ इकडेतिकडे फिरत होते, घरात माणूस गेलेलं आणि हे दोघं झाड शोधत होते. मलाही मग हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि जिथे चिंच नाही तिथे नेऊन ठेवली. खड्ड्याच्या या बाजूला, किराणा दुकानाच्या सावलीत. तिथे ते बसायला लागले. त्यामागे धोरण होतं बरं का. वाट चुकलेला माणूस दिसला की आप्पा हाक मारायचे, कुठे जायचं ते विचारायचे आणि मग सांगायचे, "चिंच-बिंच काही नही आठे. ते पहाय, ऊसवालं घर. तठून डाव्या हातले वळी जा." म्हणजे उपकारही व्हायचा आणि घराची जाहिरातही व्हायची. गॅसवाला, कुरिअरवाले, मुलगी बघायला आलेली मंडळी, केळीचे ट्रक, सगळ्यांना ऊस दाखवून झाले. हळूहळू त्यांना सगळी कॉलनी पाठ झाली, कोणाकडे कोण आजारी आहे, कुणाच्या सुनेचे दिवस भरले, कुठल्या घरचं कुत्रं चावतं. माझ्या डब्याची पिशवी बसमध्ये राहिली तेव्हा ती कंडक्टरकडून रिक्षावाल्याकडे आणि रिक्षावाल्याकडून थेट खुर्चीपाशी आली. संध्याकाळी मी विचारायची, "काय आप्पा, म्हनना का कोनी, ऊसपाईन वळा?" ते म्हणायचे, "म्हनतीन." तोंडावर हसू असायचं, पण वाट ते खरोखर बघत होते. मला वाईट वाटायचं. घराकडे कुणी बघत नव्हतं, हे मला खुर्चीच्या बाजूने चालत येताना स्पष्ट दिसायचं.

मग मामांच्या घरी लग्न निघालं. हळदीपासून या, असा हट्ट, आणि वास्तुशांतीचं जेवण वाया गेलं त्याची भरपाई मामांना करायचीच होती. आई आणि आप्पा तापीकाठी गेले. मला शाळा होती, मी थेट लग्नाला पोचणार होते. जाताना आप्पांनी खुर्ची घरात आणून ठेवली.

ते गेले त्या दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी आले आणि कॉलनीत काय गोंधळ उडाला होता म्हणून सांगू. गॅसची गाडी आमच्या गल्लीतून तीनदा गेली. समोरच्यांचा कूलर डॉक्टरांच्या ओट्यावर उतरला आणि डॉक्टरांची औषधाची खोकी ब्युटी पार्लरमध्ये. कुणाच्या तरी बारशाला आलेल्या बायका पाळण्यासकट ओपन स्पेसवर बसून होत्या. मी चहा घेऊन ओट्यावर आले तर एक रिक्षावाला आमच्याच फाटकासमोर, त्या सुंदर उसांना टेकून, फोनवर वैतागलेला. "अरे भाऊ, तूच सांगं व्हतं ना, आप्पा बठेल ऱ्हास तठून डाव्या हातले," तो म्हणत होता. "आप्पाच नही शे. आते मी कोठून वळू?"

मी कप खाली ठेवला. समोरच्या वहिनी गॅलरीत फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, आप्पापाशी वळा, आज दिसणार नाहीत, पण तिथूनच वळा. मी चपलाही न घालता कोपऱ्यापर्यंत गेले. किराणावाल्याला विचारलं, हे कधीपासून? त्याला प्रश्नच कळला नाही. "मंग काय म्हनानं?" तो म्हणाला. "सारा लोके असंच म्हनतस."

मी तिथूनच फोन लावला. पलीकडे हळदीची गाणी आणि ढोल. मी ओरडून विचारलं, "आप्पा, कव्हय येतस तुम्ही?"

"कसाले?"

"गल्लीमा कोनले घर सापडी नही ऱ्हायनं. लोके आप्पापाशी वळा म्हनतस, आन आप्पा ते तठे हळदीमा शेतस."

ढोल वाजत राहिला. मग ते बेताने म्हणाले, "ऊसवालं घर नही म्हनतस?"

"नही. आप्पाच म्हनतस."

त्यांनी फोन ठेवून दिला. मला वाटलं, हिरमुसले. इतका रंग, इतके ऊस, आणि घराला शेवटी मान नाहीच. पण दिवस मावळायच्या आत मामांची पिकअप आमच्या दारात उभी. मामांना आग्रह करायलाही वेळ मिळाला नव्हता. आप्पांच्या कपाळावर, कानांवर, बनियनवर हळदच हळद, आणि माणूस असा खुललेला की नवरदेव बरा. आई मागून उतरली. ती रागावलेली होती आणि हसू दाबत होती, दोन्ही एकदम. "सारास्ना मझार उठी उभा ऱ्हायना," ती मला सांगू लागली. "म्हने, मन्हा पत्ता तठे शे, मी जास."

मी चहा ठेवला. तिघंही ओट्यावर बसलो. आप्पांनी माझ्याकडून सगळं पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. रिक्षावाला नेमकं काय म्हणाला, वहिनी काय म्हणाल्या, पाळणा कुठे ठेवला होता. प्रत्येक वेळी ते मांडीवर थाप मारून हसायचे आणि हळदीचा भुगा उडायचा. आईने पदराने त्यांचा कान पुसता पुसता सहज म्हटलं, "चिंच तोडी टाकी, तरी लोके चिंचच म्हनतस. तुमनंबी तसंच व्हई."

मी आईकडे बघितलं. तिच्याही लक्षात आलं असावं की आपण काय बोलून गेलो, कारण तिचा हात कानापाशीच थांबला. आप्पांनी थोडा विचार केला.

"म्हंजे मी गऊ तरीबी?"

"तरीबी," आई म्हणाली. तिने पुन्हा कान पुसायला घेतला, जरा जोरातच.

आप्पांनी गल्लीकडे बघितलं. सगळी घरं त्यांच्या रंगाची, मावळतीच्या उन्हात आणखीच पेटलेली. मग त्यांनी बशीतला चहा एका घोटात संपवला. "मंग ते बरं शे," ते म्हणाले आणि हसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ते बघून आई मला म्हणाली, "तुले काय व्हयनं? चिंच कोनी तोडी का आते?" मग आम्ही तिघंही इतके हसलो की समोरच्या वहिनी गॅलरीत येऊन बघून गेल्या.

सकाळी मी बसला निघाले तेव्हा खुर्ची जागेवर होती आणि आप्पा खुर्चीत होते. कानामागे अजून हळद. मी जवळून जात असताना एक नवखा माणूस स्कूटरवरून आला, मागे बायको, बायकोच्या मांडीवर मिठाईचा पुडा. त्याने खड्डा चुकवला, पाय टेकला आणि विचारलं, "बाबा, आठे चिंच कोठे शे?"

मी थांबले. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. उसांकडे त्यांनी बोट केलं नाही.

"आठेच शे," ते म्हणाले. "डाव्या हातले वळी जा."